परसातली चार झाडं: कापायची कधी, वाळवायची कशी, मुरवायची किती

कॅनडात ओन्टारिओ प्रांतात घरामागच्या वाफ्यात पहिल्यांदा झाडं लावली, त्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. पानं बघून म्हणाली, "अंबाडी लावलीस होय रे? उद्या भाजी करते." तिची काही चूक नव्हती. अंबाडीच्या शास्त्रीय नावातच 'कॅनाबिनस' आहे, ते पानांच्या याच सारखेपणामुळे. मी म्हटलं, आई, हा गांजा आहे आणि इथे घरी चार झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. पण ऑक्टोबरात झाडं कापून मी विचार करत उभा राहिलो, तेव्हा तीच म्हणाली, "वाळवायचंय ना? मग घाल की उन्हात."

मी घातलं. डेकवर तिची जुनी साडी पसरून, कुरडया घालतात तसं. चार महिन्यांची मेहनत तीन दिवसांत वाळल्या गवतासारखी झाली. पुढच्या वर्षी उलटी चूक केली: घाईने बरणीत भरलं आणि आठवड्याने झाकण उघडलं तर गोठ्यात मुतारीशेजारी उभं राहिल्यासारखा वास. तिसऱ्या वर्षी जमलं. तुमची पहिली दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

आपल्या घरात 'वाळवण' म्हटलं की कडक ऊन आणि कडकडीत पदार्थ. ते डोक्यातून काढून टाका. इथे ऊन नको आणि कडकडीतही नको.

१. कात्रीच्या आधी कायदा

हे सगळं कॅनडात, त्यातही ओन्टारिओत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. कॅनडाचा गांजाविषयक कायदा १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला. ओन्टारिओत वय १९ पूर्ण हवं. झाडं घरटी चार. माणशी चार नव्हेत. नवरा, बायको आणि वरच्या खोलीतला भाचा मिळून बारा लावली तर तो गुन्हा आहे, आणि बेकायदा लागवडीला कमाल शिक्षा १४ वर्षांची आहे. क्विबेकमध्ये तर घरी एकही झाड चालत नाही. तिथली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवली.

हाताशी ठेवायची कागदपत्रं थोडीच:

- वयाचा पुरावा
- बियांची पावती. बी परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यायचं, कारण कायदेशीर बियांपासूनचीच झाडं कायदेशीर.
- भाड्याचं घर असेल तर करारनामा, कॉन्डो असेल तर सोसायटीची नियमावली. दोन्हीत लागवडीला मनाई असू शकते आणि ती मनाई चालते.
- घराच्या विम्याचे कागद. एकदा वाचा, शंका आली तर फोन करून विचारा.

स्टडी परमिट, वर्क परमिट किंवा पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) असाल तर आणखी एक. १८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षं झाली, त्यामुळे तो इमिग्रेशनच्या दृष्टीने गंभीर गुन्ह्यांत मोडतो. नागरिकाचं लायसन्स जाईल, दंड होईल. तुमचं या देशातलं राहणंच धोक्यात येईल. ज्या संध्याकाळी ओढणार त्या संध्याकाळी गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही.

२. सामान

सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), बारीक टोकाच्या दोन कात्र्या, नायट्राइलचे हातमोजे, रबिंग अल्कोहोल, सुतळी किंवा कपड्यांचे हँगर, लहानसा पंखा, रुंद तोंडाच्या काचेच्या मेसन जार. आणि दोन गोष्टी ज्यात कंजूसपणा करू नका: हवेतली आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल हायग्रोमीटर (एक खोलीत, एकेक प्रत्येक बरणीत) आणि ३० ते ६० पट मोठं दाखवणारं भिंग. सराफ वापरतात तसलं. मी पहिल्या वर्षी डोळ्यांनी अंदाज घेत बसलो होतो. आता भिंगाशिवाय झाडाजवळ जात नाही.

३. कापायची कधी

दक्षिण ओन्टारिओत उघड्यावरची झाडं साधारण ऑगस्टात फुलोऱ्यावर येतात, कारण तेव्हा रात्र मोठी व्हायला लागते. कापणी सप्टेंबरअखेर ते मध्य ऑक्टोबर, जातीप्रमाणे मागेपुढे. ऑटोफ्लॉवर जातींना दिवसरात्रीशी देणंघेणं नसतं. त्या बी रुजल्यापासून दहा-बारा आठवड्यांत तयार होतात.

बियांच्या पाकिटावरचे आठवडे फक्त अंदाजाला. खरी खूण फुलावर असते. फुलातून निघालेले पांढरे केसर तांबूस-तपकिरी होऊन आत वळायला लागले की भिंग काढायचं. केसरांवर एकट्यावर विसंबू नका. पावसाने आणि हाताळण्यानेही ते तपकिरी होतात.

भिंगातून फुलाच्या फुगीर भागावर बघा. काचेच्या टाचण्या खोचल्यासारखे बारीक दाणे दिसतील, देठावर गोल डोकं. हे ट्रायकोम. सगळी राळ यातच असते. आधी ते पाण्यासारखे पारदर्शक असतात, मग दुधाळ होतात, मग मधाच्या रंगाचे. पारदर्शक असताना कापलं तर कच्चं. बहुतेक दुधाळ आणि दहात एखाददुसरा मधाळ झाला की मी कापतो. मधाळ वाढू दिले तर टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचं, विघटन होत जातं, आणि अशा मालाने अंग जड होतं, झोप येते असं बहुतेक घरगुती लागवडवाले सांगतात. कोणाला तेच हवं असतं.

नवख्यांची नेहमीची फसगत: फुलाऐवजी फुलातून डोकावणाऱ्या छोट्या पानांवरचे दाणे बघायचे. ते आधी मधाळ होतात. पान बघून कापाल तर आठवडाभर लवकर कापाल.

दुसरं, शेंडा आणि बुंधा एकाच दिवशी तयार होत नाहीत. वरचे तुरे आधी कापून खालच्यांना आठवडाभर ऊन लागू द्यायला काहीच हरकत नाही.

शेवटचे दोन आठवडे नुसतं पाणी घालावं की नाही, यावर इथले लोक गणपतीच्या वर्गणीसारखे भांडतात. मी खत थांबवतो, कारण उरलेलं खत पुढच्या वर्षी उपयोगी पडतं. बाकी मला फरक कळलेला नाही.

४. पाऊस आला तर वाट बघायची नाही

ओन्टारिओतला ऑक्टोबर म्हणजे दव, धुकं, दोन-तीन दिवसांची झिमझिम. जाड, गच्च तुऱ्यांना हेच मारतं. राखाडी बुरशी आतून सुरू होते, बाहेरून तुरा ठणठणीत दिसतो. खूण अशी: हिरव्यागार तुऱ्याच्या मध्ये एखादंच पान सुकलेलं, तपकिरी. ते हलकेच ओढा. अलगद हातात आलं तर तुरा उघडून बघा. आत करडा, भुरभुरा कापूस आणि सडलेला देठ सापडेल. अळीची विष्ठाही तिथेच सापडते, कारण अळीने पोखरलेल्या जागी बुरशी हमखास धरते.

सडका भाग कापताना त्याच्या पुढचा दोन-तीन सेंटीमीटर चांगला भागही जाऊ द्या, आणि प्रत्येक कापानंतर कात्री अल्कोहोलने पुसा. सडलेला तुकडा 'वाळला की जाईल' म्हणून ठेवायचा नाही. बुरशी वाळते, जात नाही, आणि ती फुप्फुसात जाणं कोणाच्याच हिताचं नाही. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या तर मुळीच नाही.

अंदाजात सलग तीन दिवस पाऊस दिसत असेल आणि ट्रायकोम बहुतेक दुधाळ असतील तर कापून मोकळे व्हा. आठवडाभर कोवळा माल परवडला, सडका नाही. हलकं हिव झाड सोसतं. पाणी गोठवणारी रात्र सोसत नाही.

५. कापणी

सकाळी, दव उडाल्यावर. फांद्या हाताएवढ्या लांब कापा आणि प्रत्येकीला वरच्या फांदीचा एक तुकडा आकड्यासारखा ठेवा, म्हणजे सुतळीवर थेट अडकवता येते. मोठी पंजासारखी पानं लगेच काढून टाका.

उघड्यावरच्या झाडावर धूळ, मावा, कुत्र्याचे केस असं काय काय असतं. जून २०२३ मध्ये वणव्यांचा धूर ओन्टारिओभर पसरला होता, तेव्हापासून मी तुरे धुतो. तीन बादल्या: पहिलीत पाण्यात थोडा बेकिंग सोडा आणि लिंबाचा रस, पुढच्या दोन साध्या थंड पाण्याच्या. फांदी उलटी धरून हलकेच बुडवायची, झटकायची, लटकवायची आणि पृष्ठभाग सुकेपर्यंत पंखा जवळ ठेवायचा. पहिल्या बादलीचं पाणी बघितलंत की धुण्याबद्दल वाद घालणार नाही. राळ पाण्यात विरघळत नाही, ती भीती नको.

छोटी पानं आत्ता छाटायची की वाळल्यावर? तुमच्या तळघराची हवा बघून ठरवा. हीटिंग सुरू होऊन हवा कोरडी झाली असेल तर पानं राहू द्या. ती फुलाभोवती मिटतात आणि वाळणं लांबवतात. हवा दमट असेल तर आत्ताच छाटा, नाहीतर त्या पानांतच ओल धरून बुरशी येईल.

कात्री दर दहा मिनिटांनी चिकटून बंद पडते. त्यासाठीच दोन कात्र्या: एक अल्कोहोलमध्ये, एक हातात. मोज्यांवर जमणारा काळा चिकटा म्हणजे हिमाचलात मलाण्याला हातावर मळून काढतात तो चरसच. खरवडून ठेवा, वाया घालवू नका. मात्र ब्यूटेनसारखी द्रावकं वापरून अर्क काढायचा प्रयत्न घरी कधीही नको. कायद्याने बंदी आहे, आणि वायू साठून घर उडतं.

६. सावलीतलं वाळवण

कापलेली फांदी लगेच मरत नाही. पुढचे काही दिवस तिच्या पेशींत कामं चालू असतात, साखर-पिष्ट खर्च होत असतं, हिरवा रंग मोडत असतो. हे काम पुरं व्हायला ओल लागते आणि वेळ लागतो. उन्हात किंवा ओव्हनमध्ये टाकलंत की काम अर्ध्यावर थांबतं, हिरवटपणा आत कोंडला जातो, आणि मग घशाला खवखवणारा, गवताचा वास येणारा धूर कितीही मुरवला तरी सुधारत नाही. शिवाय वास ज्या तेलांमुळे येतो ती हलक्या उष्णतेनेही उडतात. माझ्या डेकवर तीन दिवस जो सुंदर घमघमाट सुटला होता तो म्हणजे बरणीत जायला हवा होता तो माल हवेत जात होता. शेजाऱ्यांची मजा झाली.

आकडे लक्षात ठेवा: तापमान १५ ते २० अंश सेल्सियस, आर्द्रता ५५ ते ६२ टक्के, पूर्ण अंधार, ७ ते १४ दिवस. चार दिवसांत वाळलं तर घाई झाली. पंधरा दिवसांनंतरही फांदी ओली असेल तर हवा दमट आहे.

ओन्टारिओतल्या घरात तळघर यासाठीच बांधलंय असं वाटतं. बिनखिडकीचं कपाट किंवा लागवडीचा तंबू घ्या. फांद्या एकमेकींना चिकटणार नाहीत अशा उलट्या लटकवा. पंखा भिंतीकडे तोंड करून, सगळ्यात हळू. वारा फुलांवर थेट आला तर बाहेरून कडक आणि आतून ओलं होतं, जाड थापलेल्या सांडग्यासारखं. हवा खोलीत फिरली पाहिजे, फुलं हलता कामा नयेत.

सप्टेंबरात तळघरात आर्द्रता ६५-७० च्या वर असते. डीह्युमिडिफायर लावा, पण त्याची गरम हवा फांद्यांवर सोडू नका. ऑक्टोबरात फर्नेस सुरू झाला की आकडा तिशीत येतो. तेव्हा त्या कपाटातला हीटिंगचा झरोका बंद करायचा आणि कोपऱ्यात ओला टॉवेल टांगायचा. तेही पुरलं नाही तर मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात दोऱ्या बांधून आत लटकवा; पुठ्ठा ओल धरतो आणि हळूहळू सोडतो. माझं तिसऱ्या वर्षीचं पीक टीव्हीच्या खोक्यातच वाळलं.

वास येणारच. कार्बन फिल्टर लावला तर तळघरात राहतो, नाहीतर कोणी जेवायला यायचं ठरलं की आधी सांगून टाका. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला आलेल्या एका काकांनी दारातच विचारलं होतं, "उदबत्ती कुठली रे?"

पाचव्या दिवसापासून रोज एक बारीक काडी वाकवून बघा. वाकते, तोवर थांबा. बारीक काडी 'कट्' करून मोडायला लागली, जाड देठ अजून वाकतो आणि कळी बाहेरून कोरडी पण दाबल्यावर किंचित लवचिक लागते, की वाळवण झालं. बोटांत चुरा होत असेल तर उशीर झाला.

वजनाचा धक्का बसेल, तयार राहा. ओल्याचं पाऊणहून जास्त वजन पाणीच असतं. ५०० ग्रॅम ओल्या कळ्यांतून हातात १०० ते १२५ ग्रॅम पडतात. कायदाही हाच हिशोब मांडतो: ५ ग्रॅम ओला म्हणजे १ ग्रॅम सुका. सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगायची मर्यादा ३० ग्रॅम सुक्याची आहे, म्हणजे मित्राच्या तळघरात वाळवायला ओली फांदी गाडीतून नेताना १५० ग्रॅम.

७. बरणीत मुरवणं

लोणचं घातल्या दिवशी खाता येतं, पण ते लोणचं नसतं, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. इथेही तेच. वाळलेल्या कळीच्या पोटात थोडी ओल उरलेली असते. बंद बरणीत ती हळूहळू सगळीकडे सारखी पसरते, उरलासुरला हिरवटपणा मोडतो आणि जातीचा खरा वास वर येतो.

काड्यांवरून कळ्या सुट्या करा, उरलेली पानं छाटा. बरण्या पाऊणच भरा, दाबू नका. हलवल्यावर कळ्या आत मोकळ्या हलल्या पाहिजेत. एक हायग्रोमीटर आत टाका, झाकण लावा, अंधारात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी आकडा बघा:

- ५८ ते ६२: उत्तम.
- ६३ ते ६५: चालेल, झाकण जास्त वेळा उघडा.
- ६६ ते ७०: झाकण काढून तीन-चार तास ठेवा, मग परत मोजा.
- ७० च्या वर: कळ्या बाहेर काढून जाळीवर किंवा कागदी पिशवीत दिवसभर. बरणीत भरायची घाई झालीय.
- ५५ च्या खाली: मुरणं जवळजवळ थांबलंय. ६२ टक्क्यांची ओलावा सांभाळणारी पुडी टाका. संत्र्याची साल किंवा कोबीचं पान टाकायचा सल्ला देणारे भेटतील. त्या सालीबरोबर बुरशीही जाते.

पहिला आठवडा दिवसातून दोनदा झाकण उघडून दहा-पंधरा मिनिटं हवा द्या. इथले लोक याला बरणीची ढेकर काढणं म्हणतात. बाळाला दूध पाजून खांद्यावर घेतल्यासारखं नेमाने करावं लागतं म्हणून असेल. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवसांनी एकदा, मग आठवड्यातून एकदा. उघडताना प्रत्येक वेळी नाक पुढे करा. गवताचा वास पहिल्या दिवसांत येतो आणि जातो. अमोनियाचा वास आला तर आत ओल जास्त आहे आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंनी काम सुरू केलंय; सगळं बाहेर काढा, पसरा, दिवसभर वाळू द्या. वेळेत सापडलं तर वाचतं. माझं आठवड्याने सापडलं, म्हणून गेलं. पांढरा-करडा तंतू दिसला तर ती बरणी कचऱ्यात, हळहळ न करता.

तीन आठवड्यांनी ओढण्याजोगं होतं. सहा ते आठ आठवड्यांनी जे होतं त्यासाठी मी एक बरणी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, शिडी लागेल अशा जागी ठेवतो. तेवढाच संयम टिकतो.

८. ठेवायचं कुठे

अंधारात, थंड जागी, कुलुपात. उजेड आणि हवा टीएचसीचे शत्रू. खिडकीतली सुंदर पारदर्शक बरणी फोटोपुरतीच. फ्रीझरमध्ये ट्रायकोम ठिसूळ होऊन झडतात. वर्षाच्या आत संपवलेलं बरं. प्रत्येक बरणीवर जात आणि भरल्याची तारीख लिहा, कारण डिसेंबरात सगळ्या कळ्या सारख्याच दिसतात.

कुलूप मुलांसाठी आणि कुत्र्यासाठी. कच्च्या कळीने फारशी नशा होत नाही, ती तापवल्यावर होते. पण तूप किंवा बिस्किटं करून ठेवलीत तर ती तापवलेलीच असतात, आणि लहान मुलाला एक बिस्किट रुग्णालयात न्यायला पुरतं. आमच्याकडे असलं तूप साजूक तुपाच्या कपाटात येतच नाही, खालच्या कुलपातल्या डब्यात असतं.

मित्राला द्यायचं असेल तर १९ पूर्ण असलेल्याला ३० ग्रॅमपर्यंत, फुकट. दहा डॉलर घेतलेत तरी ती विक्री, आणि विक्री गुन्हा.

सीमेपलीकडे काहीच नाही. कायदेशीर घेतलेलं असो, कोणत्या राज्यात चालत असो, कॅनडाच्या सीमेवरून नेणं-आणणं दोन्ही गुन्हे आहेत, आणि पोस्टाने परदेशी पाठवणंही. बियासुद्धा नाहीत. भारतात तर १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली कुंडीत एक रोप लावलं तरी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा गावी जायच्या आदल्या रात्री बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका, कोटाचे खिसे बघा, आणि ग्राइंडर धुऊन घरीच ठेवा. माझ्या बॅगेत एकदा छाटणीची चिकट कात्री सापडली होती, विमानतळावर नव्हे, नशिबाने आदल्या रात्रीच.